संगणक सुरू होताना वेळ जातो कुठे?

रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत मोटारीच्या मागचे दृश्य चालकासमोरच्या पडद्यावर दिसलेच पाहिजे, असा अमेरिकेतील वाहन सुरक्षेचा नियम आहे. १ मे २०१८ पासून तेथे तयार होणाऱ्या, सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या प्रत्येक नव्या वाहनाला तो लागू आहे. यामागे एक दुःखद घटना आहे. २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका दोन वर्षांच्या मुलाचा, त्याचेच वडील घराच्या आवारात गाडी मागे घेत असताना, चाकाखाली सापडून मृत्यू झाला. त्यानंतर सुरू झालेल्या मोहिमेतून २००८ मध्ये कायदा झाला आणि २०१४ मध्ये कॅमेऱ्याचा नियम अंतिम झाला. मागे येणाऱ्या वाहनांमुळे अमेरिकेत दरवर्षी सरासरी २१० माणसे प्राणास मुकतात आणि त्यांतील ३१ टक्के मुले पाच वर्षांखालील असतात, असे तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने त्या वेळी नमूद केले होते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर बंधनकारक झाले. कॅमेऱ्याची सक्ती मात्र त्यात नाही.

दोन सेकंदांची ही अट वरकरणी सोपी वाटते. तथापि, आजच्या मोटारीतील पडदा हा एक संगणक असतो. त्याला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि किल्ली फिरवल्यावर तीही घरातल्या संगणकाप्रमाणे टप्प्याटप्प्याने जागी होते. सकाळी घाईत निघालेला माणूस गाडी सुरू करतो आणि लगेच मागे घेतो. यंत्र पूर्ण जागे होईपर्यंत थांबायला त्याला सवड नसते. अशा वेळी अभियंत्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो वेग कसा वाढवायचा हा नव्हे, तर वेळ नेमका कुठे जातो, हा. त्याचे उत्तर शोधण्याच्या पद्धतींना ‘बूट ट्रेसिंग’ आणि ‘बूट प्रोफायलिंग’ अशी नावे आहेत. गेल्या दोन दशकांत संगणक झटपट सुरू होऊ लागले, त्याचे श्रेय आपण बहुधा वेगवान यंत्रांना देतो. परंतु त्यातील मोठा वाटा या शोधकामाचा आहे.

स्वतःलाच उचलण्याची कसरत

‘बूट’ हा शब्द इंग्रजीतील ‘बूटस्ट्रॅप’वरून आला. आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणे, अशी ती अशक्यप्राय कल्पना आहे. संगणकापुढची अडचणही नेमकी तशीच. ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवर साठवलेली असते. ती वाचून मेमरीत आणण्यासाठी एखादा प्रोग्रॅम चालू असावा लागतो आणि तो प्रोग्रॅमही कुठून तरी आणावाच लागतो. यावर काढलेला तोडगा म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम यंत्राच्या चिपमध्येच कायमचा बसवून ठेवणे. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या संगणकांत ते ‘बायोस’ नावाने परिचित होते, आता त्याची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे.

वीज मिळताच फर्मवेअर मेमरी, कळफलक, डिस्क यांची हजेरी घेते आणि ‘बूटलोडर’ला हाक मारते. बूटलोडर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजेच ‘कर्नेल’, मेमरीत आणतो. कर्नेल प्रत्येक उपकरणाची ओळख पटवून घेतो आणि मग पहिली ‘प्रोसेस’ सुरू करतो. ही पहिली प्रोसेस पुढे नेटवर्क, ध्वनी, छपाई, घड्याळ अशा अनेक सेवांना जागे करते. शेवटी प्रवेशाचा पडदा दिसतो आणि त्यामागोमाग चित्रमय डेस्कटॉप. हातातून हातात जाणाऱ्या या पाच-सहा टप्प्यांपैकी कुठे किती वेळ गेला, हे बाहेर बसलेल्या माणसाला कळत नाही. त्याला दिसते ते फक्त फिरणारे चक्र.

घड्याळ लावायचे कुठे?

एरवी एखाद्या प्रोग्रॅमला किती वेळ लागतो, हे मोजणे सोपे असते. कारण मोजणारी साधने आधीपासून चालू असतात. बूटच्या वेळी मात्र मोजमाप करणाऱ्यालाच उभे राहायला जागा नसते. नोंद लिहावी तर डिस्क अजून जागी नाही आणि वेळ पाहावी तर कर्नेलचे घड्याळ अजून लागलेले नाही. लिनक्सच्या नोंदींत अगदी आरंभीच्या काही ओळींपुढे शून्य सेकंद अशीच वेळ दिसते. त्या ओळी एकाच क्षणी छापल्या गेल्या, असा त्याचा अर्थ नसून तोवर घड्याळच सुरू झालेले नसते, एवढाच त्याचा अर्थ.

यावर उपाय म्हणून इंटेल आणि तत्सम प्रोसेसरमधील एक साधा गणक कामी येतो. प्रोसेसर चालू झाल्यापासून तो अखंड मोजत राहतो. त्याचा आकडा मेमरीत टिपून ठेवायचा आणि डिस्क जागी झाल्यावर सगळ्या नोंदी एकदम लिहून काढायच्या, ही पद्धत बहुतेक साधने वापरतात. मोटारी किंवा कारखान्यांतील यंत्रांवर काम करणारे अभियंते याहून रोखठोक मार्ग पत्करतात. यंत्राच्या एका पिनवर ठरलेल्या टप्प्याला विजेचा संकेत सोडायचा आणि तो बाहेरच्या ऑसिलोस्कोपवर मोजायचा. यंत्राच्या स्वतःच्या घड्याळावर विसंबण्याची गरजच उरत नाही.

मोजणी संपली कधी म्हणायचे, हा प्रश्नही तितकाच अवघड. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या काळात अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. डेस्कटॉप झटकन दिसे. परंतु डिस्कचा दिवा लुकलुकत राही आणि एखादे चिन्ह दाबले तरी बराच वेळ काही घडत नसे. पडदा दिसला म्हणजे संगणक तयार झाला, असे मानले तर आकडा आकर्षक दिसतो, पण वापरणाऱ्याची वाट पाहणे काही थांबत नाही. म्हणूनच जाणकार अधिक कठोर व्याख्या करतात : प्रोसेसर आणि डिस्क या दोघांचीही धावपळ थांबली, की बूट संपले.

मोजण्याच्या कृतीलाही वेळ लागतो, ही आणखी एक गुंतागुंत. यंत्राच्या सिरियल पोर्टवर नोंदी छापण्याची जुनी पद्धत सेकंदाला १,१५,२०० बिट या प्रचलित वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,५२० अक्षरे. ऐंशी अक्षरांची एक ओळ छापायला जवळपास सात मिलिसेकंद लागतात. अशा हजार ओळी छापल्या, तर सात सेकंद केवळ ‘मी काय करतो आहे’ हे सांगण्यातच खर्च होतात. कर्नेलला गप्प राहण्याचा आदेश दिला, की अनेक छोटी यंत्रे लगेच वेगाने सुरू होतात, त्यामागचे कारण हेच.

छायाचित्रे आणि वॉचमनची वही

हे शोधकाम मुख्यतः दोन प्रकारे होते. एखाद्या गृहनिर्माण संस्थेत दिवसभरात काय घडले, हे जाणून घ्यायचे आहे, अशी कल्पना करू. फाटकावर कॅमेरा लावून ठरावीक अंतराने छायाचित्रे घेता येतील. एखादा टेम्पो सलग वीस छायाचित्रांत दिसला, तर तो बराच वेळ उभा होता, हे कळेल. मात्र दोन छायाचित्रांच्या मधल्या वेळेत येऊन गेलेला माणूस सुटेल. दुसरा मार्ग म्हणजे वॉचमनची वही. तिच्यात प्रत्येकाच्या येण्याजाण्याची वेळ लिहिलेली असते. ती अचूक असते खरी, परंतु वही लिहिण्यात वॉचमनचा वेळ जातो आणि पुढे ती चाळायलाही वेळ लागतो. पहिल्या प्रकाराला सर्वसाधारणपणे प्रोफायलिंग म्हणतात आणि दुसऱ्याला ट्रेसिंग.

पहिल्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘बूटचार्ट’. नोव्हेंबर २००४ मध्ये रेड हॅट या कंपनीतील ओवेन टेलर यांनी फेडोरा लिनक्सच्या सहकाऱ्यांपुढे एक आव्हान ठेवले. बूट होताना काय काय घडते, प्रोसेसर किती गुंतलेला असतो, डिस्कवर किती वाचन होते, हे सारे एकाच चित्रात दाखवता येईल का? झिगा माहकोवेच यांनी अल्पावधीत ते करून दाखवले. त्यांचा छोटा प्रोग्रॅम नेहमीच्या पहिल्या प्रोसेसच्या जागी सुरू होई, मग खऱ्या पहिल्या प्रोसेसला पुढे करून स्वतः मागे थांबे आणि सेकंदाला पाच वेळा कर्नेलकडून सर्वांची हालहवाल मेमरीत टिपून ठेवी. त्यातून तयार होणाऱ्या चित्रात प्रत्येक प्रोसेसची एक आडवी पट्टी असे. कोण काम करत आहे, कोण डिस्कची वाट पाहत आहे आणि कोण नुसतेच झोपून आहे, हे रंगांवरून ओळखू येई.

या चित्रांनी अनेकांना धक्का दिला. संगणक सुरू होताना प्रोसेसर घाम गाळत असेल, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात चित्राचा मोठा भाग प्रतीक्षेच्या रंगाने भरलेला दिसे. कारण डिस्कच्या यंत्रणेत होते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. शिवाय वाचणारा दांडा योग्य ठिकाणी नेण्यातही तेवढाच वेळ जातो. त्यामुळे विखुरलेल्या फायली वाचायच्या असतील, तर अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभर वेळाही वाचू शकत नाही. बूट होताना हजारो लहान फायली लागतात. सेकंदाला अब्जावधी सूचना पाळू शकणारा प्रोसेसर एका फिरत्या चकतीपुढे हात जोडून उभा होता.

ट्रेसिंगची साधनेही मागोमाग आली. ऑक्टोबर २००८ मधील लिनक्स २.६.२७ मध्ये ‘एफट्रेस’ दाखल झाले. कर्नेलमधील कोणते फंक्शन केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले, याची वही ते ठेवते. पुढे मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ मध्ये मासामी हिरामात्सू यांच्या कामामुळे ही वही बूटच्या आरंभीच उघडता येऊ लागली आणि तिच्यात काय लिहायचे, याच्या सविस्तर सूचनाही आधीच देऊन ठेवता येऊ लागल्या.

पाच सेकंदांचे अंदाजपत्रक

बूटचार्टच्या चित्रांचा सर्वात गाजलेला उपयोग सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत दिसला. इंटेलमधील आर्यान व्हॅन डी व्हेन आणि औके कोक यांनी आसुस कंपनीच्या ‘ई पीसी’ या छोट्या, स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स पाच सेकंदांत सुरू करून दाखवले. त्यांची भूमिका साधी होती : ‘अधिक वेगाने’ हे उद्दिष्टच नव्हे, उद्दिष्ट पाच सेकंद हेच. घरखर्चाचे अंदाजपत्रक मांडावे, तशी त्यांनी वेळेची वाटणी केली. कर्नेलला एक सेकंद, आरंभीच्या सेवांना एक, पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ‘एक्स’ या यंत्रणेला एक आणि डेस्कटॉपला दोन. ज्याचा खर्च वाटणीबाहेर जाईल, त्याने कारण द्यायचे.

या शिस्तीने आजवर कोणी न विचारलेले प्रश्न पुढे आले. यंत्रात नसलेल्या उपकरणांचा शोध दर वेळी का घ्यायचा? कळफलकाचा तोच तक्ता ‘एक्स’ने प्रत्येक वेळी नव्याने का तयार करायचा? लागणाऱ्या फायली कोणत्या, हे कालच्या बूटवरून माहीत असताना त्या आधीच वाचून का ठेवायच्या नाहीत? एका उपकरणाचे उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला हाक मारायला काय हरकत आहे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मार्च २००९ मधील लिनक्स २.६.२९ मध्ये मिळाले आणि कर्नेलमधील काही कामे एकमेकांची वाट न पाहता सुरू होऊ लागली. त्याच वर्षी उबुंटूने आपल्या १०.०४ या आवृत्तीसाठी दहा सेकंदांचे लक्ष्य जाहीर केले.

सेकंदांचा असा हिशेब मांडण्याची परंपरा जुनी आहे. १९८३ मध्ये पहिला मॅकिंटॉश घडत असताना स्टीव्ह जॉब्ज यांनी लॅरी केन्यन या अभियंत्याला बूटची वेळ दहा सेकंदांनी कमी करण्याचा आग्रह धरला होता, अशी आठवण त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी नोंदवली आहे. पन्नास लाख लोकांचे रोजचे दहा सेकंद वाचले, तर वर्षाकाठी डझनावारी आयुष्ये वाचतील, असा जॉब्ज यांचा युक्तिवाद होता. गणित करून पाहिले, तर रोजचे पाच कोटी सेकंद म्हणजे वर्षाला सुमारे ५७९ वर्षे भरतात. म्हणजे पंचाहत्तर वर्षांची जेमतेम आठ आयुष्ये. आकडा फुगवलेला होता. तरीही केन्यन यांनी पुढील काही महिन्यांत दहा सेकंद वाचवून दाखवले.

यादीत पहिला, पण दोषी नव्हे

वेळ कोणाला किती लागला, याची यादी मिळाली, म्हणजे प्रश्न सुटला असे वाटते. इथेच खरी गफलत होते. सकाळी घरात चहा, आंघोळ आणि डबा अशी तीन कामे आहेत. गिझरला वीस मिनिटे लागतात, चहाला पाच. पण दूधवालाच अर्ध्या तासाने येतो. चहाचे आधण आधी ठेवले असेल, तर ‘चहाला पस्तीस मिनिटे लागली’ अशी नोंद होईल. ती पाहून कोणी मोठी शेगडी आणली, तर काहीही फरक पडणार नाही. गिझर बदलूनही पडणार नाही. घराबाहेर पडायची वेळ ठरते ती दुधावर. कामांच्या ज्या साखळीवर संपूर्ण वेळ अवलंबून असते, तीच शोधावी लागते.

आज बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांत पहिली प्रोसेस म्हणून ‘सिस्टमडी’ असते. तिच्यासोबत वेळेचे विश्लेषण करणारे साधन मिळते. त्याच्या एका आज्ञेचे नाव ‘ब्लेम’, म्हणजे दोष देणे, असे आहे. ती सर्व सेवांची, लागलेल्या वेळेच्या उतरत्या क्रमाने यादी देते. मात्र एखादी सेवा केवळ दुसरीची वाट पाहत असल्यामुळे संथ दिसू शकते, असा इशारा त्या साधनाच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. अनेक संगणकांवर या यादीत नेटवर्क जोडले जाण्याची वाट पाहणारी सेवा अग्रभागी असते. वाट पाहणे हेच तिचे काम. तिच्यामुळे कोणी अडले आहे का, हे पाहायला त्याच साधनाची दुसरी आज्ञा आहे. ती अवलंबित्वाची साखळी उलगडून दाखवते.

सिस्टमडीचा जन्मही अशाच एका मोजणीतून झाला, असे म्हणता येईल. लेनार्ट पोएटरिंग यांनी ३० एप्रिल २०१० रोजी लिहिलेल्या दीर्घ लेखात वाचकांना एक सोपा प्रयोग सुचवला होता. संगणक सुरू झाल्यावर पहिली टर्मिनल खिडकी उघडायची आणि तिचा प्रोसेस क्रमांक पाहायचा. त्यांच्या पाहणीत लिनक्सवर तो १,८२३ होता, तर मॅकवर १५४. म्हणजे वापरणाऱ्याने बोट हलवण्यापूर्वीच लिनक्सवर अठराशेहून अधिक प्रोसेस जन्माला आल्या होत्या. त्यांपैकी बहुतेक क्षणभर जगणाऱ्या, लिपीतील एखादी ओळ पार पाडून संपणाऱ्या. त्यावरचा एक उपाय त्यांनी ॲपलच्या ‘लाँचडी’वरून घेतला. प्रत्येक सेवेच्या दारावर पत्रपेटी आधीच टांगून ठेवायची. घरातला माणूस जागा नसला, तरी पत्र टाकणाऱ्याने खोळंबून राहण्याचे कारण नाही. मे २०११ मधील फेडोरा १५ पासून ही व्यवस्था रूढ होऊ लागली आणि २०१५ मध्ये डेबियन व उबुंटूनेही ती स्वीकारली.

वेग वाढवला आणि यंत्र अडले

प्रतीक्षा कोणत्या रूपात लपून बसेल, याचा नेम नसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये लिनक्स ५.३ प्रसिद्ध होण्याच्या बेतात असताना अहमद दरवीश या विकासकाच्या संगणकावर प्रवेशाचा पडदाच येईना. फेरफारांचा माग काढत गेल्यावर संशय गेला तो एका सुधारणेवर. एक्स्ट४ या फाइल व्यवस्थेत डिस्कवरील वाचने एकत्र करून ती कमी करण्यात आली होती. म्हणजे बूटला मदत करणाऱ्या बदलानेच बूट रोखले होते.

कारण विलक्षण होते. एन्क्रिप्शनसाठी कोणालाही अंदाज बांधता येणार नाही अशा संख्या लागतात. त्या बनवण्यासाठी कर्नेल डिस्कसारख्या उपकरणांकडून येणाऱ्या संकेतांमधील अनियमित वेळांचा आधार घेत असे. वाचने कमी झाली, तसे संकेतही कमी झाले आणि पुरेशी अनियमितता साठेना. इकडे प्रवेशाच्या पडद्यामागील एका प्रोग्रॅमने अशी संख्या मागितली होती आणि ती मिळेपर्यंत तो थांबून राहिला. यंत्र नवीन काही घडण्याची वाट पाहत होते. आणि यंत्र थांबलेले असल्यामुळे नवीन काही घडत नव्हते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १५ सप्टेंबर रोजी ५.३ आवृत्ती प्रसिद्ध करताना ती निर्दोष सुधारणा तात्पुरती मागे घेतली. पुढच्या, ५.४ आवृत्तीत अनियमितता मिळवण्याची वेगळी सोय झाली आणि सुधारणाही परत आली. सेवांच्या यादीत प्रत्येकाची मिनिटे मोजून हा दोष कधीच सापडला नसता.

मिलिसेकंदांची बाजारपेठ

घरातला संगणक आता दिवसातून एकदा सुरू होतो, काहींचा तर आठवड्यातून एकदा. मग या खटाटोपाचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे एक उत्तर मोटारीत आहे. तेथे अनेक रचनांमध्ये कॅमेऱ्याचे दृश्य एका छोट्या स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवून मुख्य ऑपरेटिंग सिस्टीमला मागून सावकाश येऊ दिले जाते. दुसरे उत्तर क्लाऊडच्या महाकाय केंद्रांत आहे. तेथे एका खऱ्या संगणकात शेकडो आभासी संगणक सुरू होतात आणि बंद होतात. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१८ मध्ये खुले केलेले ‘फायरक्रॅकर’ हे तंत्र असा आभासी संगणक १२५ मिलिसेकंदांत वापरासाठी तयार करते. ग्राहकाची विनंती आली, की त्याच्यासाठी स्वतंत्र संगणक सुरू करायचा, हे अशा वेगामुळेच परवडते.

या क्षेत्रातील सर्वात बोलके उदाहरण फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचे आहे. कॅनडातील संगणकतज्ज्ञ कॉलिन पर्सिव्हल यांनी २०१७ पासून तिच्या बूटचा पाठपुरावा चालवला. कर्नेलमधील फंक्शन सुरू होताना आणि संपताना प्रोसेसरच्या गणकाचा आकडा टिपणारी ‘टीएसलॉग’ ही नोंदवही त्यांनी तयार केली. तिच्या आधारे एकेक अनावश्यक प्रतीक्षा दूर होत गेली आणि २०२३ पर्यंत फायरक्रॅकरवर फ्रीबीएसडीचा कर्नेल तीस मिलिसेकंदांच्या आत सुरू होऊ लागला.

त्या टप्प्यावर नोंदवहीत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. उरलेल्या वेळेपैकी सात टक्के, म्हणजे सुमारे दोन मिलिसेकंद, आरंभीच्या कामांची यादी क्रमवार लावण्यातच जात होते. त्यासाठी ‘बबल सॉर्ट’ ही शेजारच्या दोन-दोन नोंदी तुलना करत जाण्याची, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकवली जाणारी पद्धत वापरली होती. यादी छोटी असताना तिने कोणाचे काही बिघडत नव्हते. परंतु यादी हजारापलीकडे गेली होती आणि हजार नोंदींसाठी या पद्धतीला सुमारे पाच लाख तुलना कराव्या लागतात. ‘मर्ज सॉर्ट’ला दहा हजारांच्या आसपास पुरतात. पद्धत बदलली आणि तो वेळ जवळपास नाहीसा झाला. हा दोष वर्षानुवर्षे तेथेच होता. बूटला तीस सेकंद लागत होते, तेव्हा दोन मिलिसेकंद कोणाच्या नजरेस येणार? मोठ्या प्रतीक्षा दूर झाल्यावरच लहान दिसू लागतात.

वाचकांच्या संगणकाचे काय?

मोजमाप आणि उपचार यांची गल्लत होऊ नये, याचा धडा विंडोजच्या इतिहासात आहे. एक्सपीच्या वेळी मायक्रोसॉफ्टने तीस सेकंदांत बूट, हे उद्दिष्ट ठेवले होते आणि उत्पादकांना वेळ तपासता यावी, म्हणून ‘बूटव्हिस’ नावाचे साधन उपलब्ध केले. ते वापरले, की संगणक वेगवान होतो, अशी समजूत पसरली आणि लोक ते उतरवून घेऊ लागले. हे साधन सामान्य ग्राहकांच्या संगणकाचा वेग वाढवण्यासाठी नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला आणि पुढे ते संकेतस्थळावरून काढूनही टाकले गेले.

आज वेगळे साधन उतरवण्याची गरज नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये संगणकासोबत सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते आणि प्रत्येकापुढे त्याचा परिणाम जास्त, मध्यम की कमी, हे लिहिलेले असते. प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ किंवा डिस्कवर तीन मेगाबाइटहून अधिक वाचन-लेखन, अशी ‘जास्त’ची व्याख्या आहे. अनेक संगणकांवर तेथेच फर्मवेअरने घेतलेले सेकंदही दिसतात. हा आकडा मोठा असेल, तर विंडोज पुन्हा बसवून काही हाती लागणार नाही. कारण तो वेळ विंडोज सुरू होण्यापूर्वीच गेलेला असतो. लिनक्स वापरणाऱ्यांना सिस्टमडीचे विश्लेषण एका आज्ञेत मिळते. फक्त ‘ब्लेम’च्या यादीबरोबर साखळीही पाहावी.

एक बाब मात्र सर्वांनीच ध्यानात ठेवायला हवी. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ केल्यावर अनेक संगणकांत कर्नेल पूर्णपणे बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत आणली जाते. त्यामुळे सकाळचा संगणक लवकर उठतो. पण ते खरे बूट नसते. संगणकात काही बिघाड वाटत असेल किंवा बूटची वेळ तपासायची असेल, तर ‘रिस्टार्ट’ हाच पर्याय निवडावा. कर्नेल तेव्हाच पहिल्यापासून सुरू होतो. एक-दोन प्रोग्रॅम बंद करावेत, पुन्हा ‘रिस्टार्ट’ करावे आणि दोन्ही वेळांचे आकडे शेजारी लिहून पाहावेत. अभियंते वर्षानुवर्षे करत आले आहेत ते याहून फारसे वेगळे नाही.